विश्लेषण : चार सेकंदांनी जिंकलेली शर्यत, तरी सुवर्ण नाही… स्वेन क्रामरची कारकीर्द नेमकी कशाने मोजायची?

नेदरलँड्सचा स्पीड स्केटर स्वेन क्रामर मार्च २०२२मध्ये निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर चार ऑलिम्पिक सुवर्णपदके, नऊ जागतिक आणि दहा युरोपीय ऑलराउंड विजेतेपदे होती. या खेळात नऊ वेळा जागतिक ऑलराउंड विजेता ठरलेला दुसरा पुरुष खेळाडू नाही. तरीही हिवाळी ऑलिम्पिक जवळ आले की त्याच्याविषयी सर्वाधिक पाहिली जाणारी चित्रफीत त्याच्या एखाद्या विजयाची नसते. ती असते २३ फेब्रुवारी २०१० रोजी व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये त्याने चुकीच्या लेनमध्ये टाकलेल्या एका पावलाची. सर डॉन ब्रॅडमन यांच्या अखेरच्या डावातील शून्याची गोष्ट क्रिकेटरसिकांना पाठ असते, तशीच ही गोष्ट डच माणसाला पाठ आहे. फरक इतकाच, की इथे चूक खेळाडूची नव्हती, निदान पूर्णपणे नव्हती.

लेन बदलण्याचा नियम काय आहे?

आपल्याकडे सोसायटीच्या आवारात किंवा रिंकवर मुले चाकांचे स्केटिंग करतात, त्याचा हा बर्फावरचा मोठा भाऊ. ४०० मीटरचा लंबगोलाकार ट्रॅक, त्यावर आतली आणि बाहेरची अशा दोन लेन, आणि एका वेळी दोनच स्केटर. लढत समोरच्याशी दिसत असली तरी खरी स्पर्धा घड्याळाशी असते. सर्व जोड्या धावून झाल्या की ज्याची वेळ सर्वांत कमी, तो विजेता.

आतल्या लेनचे वळण लहान असते, बाहेरचे मोठे. एकजण कायम आतून आणि दुसरा कायम बाहेरून गेला तर ते अन्यायाचे होईल. म्हणून प्रत्येक फेरीत एकदा, अंतिम रेषेच्या पलीकडच्या सरळ पट्ट्यावर, दोघांनी लेनची अदलाबदल करायची असते. आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. असे केल्यावर दोघांचेही अंतर फेरीला बरोबर ४०० मीटर भरते. ही अदलाबदल चुकली तर शर्यत बाद. कारण काही असो, त्यात पंचांना सवलत देण्याची मुभा नाही.

१० हजार मीटरच्या शर्यतीत अशा २५ फेऱ्या असतात. बारा-तेरा मिनिटे कमरेत वाकून, मान खाली घालून, एका लयीत पाय टाकत राहायचे. दहाव्या-बाराव्या फेरीनंतर मांड्या पेटलेल्या असतात आणि फेऱ्या मोजण्याइतके भान उरत नाही. म्हणून प्रशिक्षक त्याच पलीकडच्या सरळ पट्ट्यालगत पाटी घेऊन उभा असतो. मागची फेरी किती सेकंदांत झाली, वेग राखायचा की वाढवायचा, हे तो पाटीवर लिहून दाखवतो आणि ओरडून सांगतो. स्केटर त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकतो. विश्वास टाकावाच लागतो, कारण स्वतः विचार करण्यात गेलेला क्षणही घड्याळात धरला जातो.

व्हँकुव्हरमध्ये त्या दिवशी काय घडले?

क्रामर तेव्हा २३ वर्षांचा होता आणि १० हजार मीटरचा विश्वविक्रम त्याच्या नावावर होता. त्याच ऑलिम्पिकमध्ये काही दिवस आधी त्याने ५ हजार मीटरचे सुवर्ण जिंकले होते. १० हजार मीटरमध्ये तो हरेल असे फारसे कोणाला वाटत नव्हते.

व्हँकुव्हरलगतच्या रिचमंड येथील ओव्हलवर तो अखेरच्या जोडीत उतरला, सोबत रशियाचा इव्हान स्कोब्रेव्ह. त्याआधी दक्षिण कोरियाच्या ली सुंग-हूनने १२ मिनिटे ५८.५५ सेकंदांची वेळ नोंदवून ठेवली होती. ली हा मुळात शॉर्ट ट्रॅक प्रकारातला खेळाडू. कोरियाच्या शॉर्ट ट्रॅक संघात जागा मिळाली नाही म्हणून वर्षभरापूर्वी तो लांब ट्रॅककडे वळला होता. त्याची वेळ उत्तम होती, पण क्रामर सुरुवातीपासून तिच्या पुढे होता आणि फेरीगणिक अंतर वाढत होते.

आठ फेऱ्या उरल्या असताना क्रामर आतल्या लेनमधून अदलाबदलीच्या पट्ट्यावर आला. आता त्याने बाहेर जायचे होते आणि तो बाहेरच निघाला होता. त्याच वेळी प्रशिक्षक गेरार्ड केमकर्स यांनी त्याला आतली लेन दाखवली. क्रामर क्षणभर घुटमळला. दोन लेनच्या मधल्या खुणा अगदी पायाजवळ आल्या असताना त्याने दिशा बदलली आणि पुन्हा आत गेला. स्कोब्रेव्हही नियमाप्रमाणे आतच येत होता. वळणावर दोन स्केटर एकाच लेनमध्ये, हे दृश्य पाहून जाणकारांच्या लक्षात काय ते आले.

क्रामरच्या मात्र आले नाही. पुढच्या आठ फेऱ्या त्याने त्याच ताकदीने पूर्ण केल्या. १२ मिनिटे ५४.५० सेकंद. लीपेक्षा ४.०५ सेकंद कमी. त्याने हात उंचावले. मग केमकर्स त्याच्याजवळ आले आणि त्यांनी सांगितले. क्रामरने चष्मा काढून बर्फावर फेकला.

सुवर्ण लीला, रौप्य स्कोब्रेव्हला आणि कांस्य नेदरलँड्सच्याच बॉब डी याँगला मिळाले. पदक वितरणाच्या वेळी स्कोब्रेव्ह आणि डी याँगने लीला खांद्यावर उचलून घेतले, ते छायाचित्र जगभर गाजले. लीचा आनंद खरा होता आणि तो त्याच्या हक्काचाही होता. नियमात बसून सर्वांत कमी वेळ त्यानेच दिली होती.

लेन चुकल्याने क्रामरचा फायदा किती झाला?

हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. लेनची रुंदी साधारण चार मीटर. त्यामुळे एका वळणावर आतून आणि बाहेरून जाण्यातला फरक साडेबारा मीटरच्या आसपास येतो. एकदा अदलाबदल चुकली की दोन वळणे चुकीच्या लेनमधून होतात, म्हणजे साधारण २५ मीटर कमी अंतर. क्रामरची फेरी सरासरी ३१ सेकंदांची होती, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेग. या वेगाने २५ मीटरला जेमतेम दोन सेकंद लागतात. ते त्याच्या वेळेत मिळवले तरी तो लीच्या दोन सेकंद पुढेच राहतो.

पण नियम वेळेची भरपाई मागत नाही, तो पूर्ण अंतर मागतो, आणि ते बरोबरच आहे. दोन सेकंद मिळवून निकाल लावायचे ठरले, तर पुढे प्रत्येक चुकीची किंमत ठरवण्यासाठी पंचांना वाटाघाटी कराव्या लागतील. नेदरलँड्सने निकालाबाबत मोठा गदारोळ केला नाही, तो यामुळेच. वेग ताशी ४६ किलोमीटर असताना केमकर्स यांच्या हाताच्या इशाऱ्यावर निर्णय घ्यायला क्रामरपाशी एखादा सेकंदच होता, हेही त्याच हिशेबातून दिसते.

चूक कोणाची?

केमकर्स यांनी त्याच दिवशी जाहीरपणे जबाबदारी घेतली. ते काही नवखे नव्हते. १९८८च्या कॅलगरी ऑलिम्पिकमध्ये ५ हजार मीटरचे कांस्यपदक त्यांनी स्वतः जिंकले होते. अदलाबदलीचा नियम त्यांच्या अंगात मुरलेला होता. तरीही एका क्षणी त्यांचा हिशेब चुकला. पाटीवर फेरीची वेळ लिहायची, प्रतिस्पर्ध्याकडे पाहायचे, आधीच्या जोडीच्या वेळेशी तुलना करायची, आणि पुन्हा मान वर करेपर्यंत स्केटर समोर येऊन ठेपलेला. अशा कामात एकदाही चूक होणार नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

क्रामरने त्या संध्याकाळी राग लपवला नाही. आपण बाहेर जात होतो आणि आपल्याला आत पाठवले गेले, हे त्याने स्पष्ट सांगितले. ते खरेच होते, त्यामुळे खोट्या मोठेपणाची गरज नव्हती. त्याची मूळ दिशा बरोबर होती, हे चित्रफितीत स्वच्छ दिसते. मात्र बर्फावर तो होता, पाय त्याचे होते आणि स्वतःच्या अंदाजावर ठाम राहण्याचा पर्यायही त्याच्यापाशी होता. डच माध्यमांत आणि चाहत्यांमध्ये दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले. केमकर्स यांना काढून टाकावे, अशी मागणी करणारे कमी नव्हते.

आपल्याकडच्या वाचकाला या ठिकाणी पुढचे प्रकरण आपसूक सुचेल. समिती बसेल, प्रशिक्षक जाईल, खेळाडू एखाद्या मुलाखतीत सगळे बाहेर काढेल. यापैकी काही झाले नाही.

मग क्रामरने प्रशिक्षक बदलला का?

नाही. पुढची चार वर्षे, म्हणजे सोची ऑलिम्पिक होईपर्यंत, तो केमकर्स यांच्याच मार्गदर्शनाखाली राहिला. या निर्णयाकडे भावनिक क्षमाशीलता म्हणून पाहण्याचा मोह होतो, पण त्यात व्यवहारही होता. ज्या माणसाने वर्षानुवर्षे सरावाचे वेळापत्रक आखले, ज्याच्याबरोबर विश्वविक्रम झाले, त्याला एका इशाऱ्यासाठी सोडणे म्हणजे एका सेकंदाच्या चुकीपायी हजारो तासांचे बरोबर काम फेकून देणे. क्रामरने तो सौदा केला नाही.

आणि लगेच महिनाभरात त्याचे उत्तर मिळाले. मार्च २०१०मध्ये जागतिक ऑलराउंड स्पर्धा त्याच्याच गावी, हीरेनव्हेनमध्ये होती. क्रामरने ती सलग चौथ्यांदा जिंकली, केमकर्स शेजारीच असताना.

त्यानंतर शरीराने साथ सोडली. पायाच्या दुखापतीमुळे २०१०-११चा संपूर्ण हंगाम वाया गेला. तो परतला तेव्हा जग थोडे बदलले होते, पण ऑलराउंडमध्ये त्याच्या पुढे जाणारा अजूनही कोणी नव्हता. २०१३मध्ये हामार येथे त्याने सहावे जागतिक ऑलराउंड विजेतेपद मिळवले आणि नॉर्वेचा ऑस्कर मॅथिसन व फिनलंडचा क्लास थुनबर्ग यांचा प्रत्येकी पाच विजेतेपदांचा विक्रम मागे टाकला. मॅथिसनने आपले पाचवे विजेतेपद १९१४मध्ये आणि थुनबर्गने १९३१मध्ये जिंकले होते, म्हणजे हा विक्रम किती जुना होता ते कळेल.

ऑलराउंड म्हणजे काय, आणि त्याला इतके महत्त्व का?

नेदरलँड्स आणि नॉर्वेत स्पीड स्केटिंगचा खरा राजा कोण, हे ऑलिम्पिक पदकांवरून ठरत नाही. ते ठरते ऑलराउंड स्पर्धेत. दोन दिवसांत चार शर्यती. पहिल्या दिवशी ५०० आणि ५ हजार मीटर, दुसऱ्या दिवशी दीड हजार आणि १० हजार मीटर. प्रत्येक शर्यतीची वेळ ५०० मीटरच्या मापात आणली जाते. म्हणजे दीड हजाराची वेळ भागिले तीन, ५ हजाराची भागिले दहा, १० हजाराची भागिले वीस. चारही आकड्यांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता.

या गणिताचा परिणाम मजेशीर आहे. ५०० मीटरमध्ये एक सेकंद गमावला, तर तो भरून काढायला १० हजार मीटरमध्ये वीस सेकंद लागतात. त्यामुळे नुसता दमदार स्केटर इथे चालत नाही आणि नुसता चपळही नाही. धावपटूंमध्ये शोधायचे तर १०० मीटर आणि १० हजार मीटर दोन्हींत तरबेज असा माणूस शोधावा लागेल. तसा सापडत नाही, म्हणून ही उपमा थोडी ताणलेली आहे, पण अडचण किती मोठी आहे ते त्यातून कळते.

क्रामर ५०० मीटरमध्ये कधीच सर्वोत्तम नव्हता. त्याची रीत ठरलेली असे. शनिवारी सकाळच्या छोट्या शर्यतीत होईल तेवढे कमी नुकसान करून घ्यायचे, ५ हजार मीटरमध्ये ते वसूल करायचे, दीड हजारमध्ये टिकून राहायचे आणि रविवारच्या १० हजार मीटरमध्ये बाकीच्यांना थकवून सोडायचे. २००७ ते २०१७ या काळात ज्या ज्या जागतिक ऑलराउंड स्पर्धेत तो उतरला, ती प्रत्येक स्पर्धा त्याने जिंकली. फक्त दोन वर्षे त्याचे नाव विजेत्यांत नाही, २०११ आणि २०१४. त्या दोन्ही वर्षी तो उतरलाच नव्हता.

गंमत अशी, की ऑलराउंड हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही. १९२४मध्ये शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो होता आणि थुनबर्गने तो जिंकला होता. त्यानंतर तो वगळला गेला. क्रामरचे सर्वांत मोठे कौशल्य ज्या खेळप्रकारात होते, त्याला ऑलिम्पिकमध्ये पदकच नव्हते. उरलेल्या जगाला त्याची ओळख मात्र ऑलिम्पिकमधूनच झाली.

हे वेड येते कुठून?

क्रामरचा जन्म २३ एप्रिल १९८६चा, फ्रीजलँड प्रांतातल्या हीरेनव्हेनचा. फ्रीजलँड हा नेदरलँड्सच्या उत्तरेचा भाग, स्वतःची वेगळी फ्रिशियन भाषा असलेला. कालवे, तळी आणि सपाट जमीन. थंडी कडक पडली की हे सगळे पाणी गोठते आणि माणसे बर्फावर उतरतात. कालवे पुरेसे गोठले तरच इथे ‘एल्फस्टेडनटोख्त’ ही अकरा गावांना जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची शर्यत होते. १९०९पासून ती फक्त १५ वेळा झाली. शेवटची ४ जानेवारी १९९७ रोजी. क्रामर तेव्हा दहा वर्षांचा होता. हवामान ज्या गतीने तापते आहे ते पाहता पुढची कधी होईल, हा प्रश्न फ्रीजलँडमध्ये दर हिवाळ्यात निघतो आणि दर हिवाळ्यात विरतो.

घरातही बर्फच होता. वडील येप क्रामर १९८० आणि १९८४च्या ऑलिम्पिकमध्ये स्केटिंग करून आले होते. गावात थियाल्फ हे स्केटिंगचे मैदान, ज्यावर १९८६मध्ये, म्हणजे क्रामरच्या जन्मवर्षीच छप्पर आले. नैसर्गिक बर्फ भरवशाचा राहिला नव्हता, पण छपराखाली वर्षातले कित्येक महिने सराव करता येऊ लागला. थियाल्फमध्ये मोठी स्पर्धा असली की प्रेक्षागृह नारिंगी होते, आणि दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत ‘क्लाइन्त्ये पिल्स’ नावाचा बँड वाजत असतो. आपल्याकडे क्रिकेटच्या सामन्याला जशी जत्रा भरते, तसाच प्रकार.

हौसेला पैशाची जोडही मिळाली. १९९५च्या सुमारास रिंत्ये रित्स्मा या फ्रिशियन स्केटरने राष्ट्रीय संघाबाहेर पडून प्रायोजकांच्या पैशावर स्वतःचा संघ उभा केला. पुढे असे अनेक व्यावसायिक संघ तयार झाले. क्रामर आधी टीव्हीएम या विमा कंपनीच्या संघात होता, तिथेच केमकर्स प्रशिक्षक होते. देशातल्या देशात अशी चुरस सुरू झाली की नेदरलँड्सच्या संघात निवड होणे हे ऑलिम्पिक पदकाइतकेच अवघड होऊन बसले. सोची २०१४मध्ये स्पीड स्केटिंगच्या ३६पैकी २३ पदके एकट्या नेदरलँड्सने नेली. चार शर्यतींत तिन्ही पदके त्यांचीच. हे डच चाहत्यांना सुखाचे असले तरी खेळाला फारसे हिताचे नव्हते. एकाच देशाचे राष्ट्रगीत वाजत राहिले की बाकीचे देश टीव्ही बंद करतात.

१० हजार मीटरचे सुवर्ण पुन्हा कधी मिळाले?

कधीच नाही. आणि इथे ही कहाणी व्हँकुव्हरपुरती उरत नाही.

सोचीत क्रामरने ५ हजार मीटरचे सुवर्ण राखले. सांघिक पाठलागाचे सुवर्णही मिळवले. त्याआधी दोन ऑलिम्पिकमध्ये याच सांघिक प्रकाराने त्याला सतावले होते. २००६मध्ये तुरिन येथे १९ वर्षांचा क्रामर उपांत्य फेरीत लेनच्या खुणेच्या ठोकळ्यावर पाय पडून कोसळला होता आणि संघाला कांस्यावर समाधान मानावे लागले होते. सोचीत ती सल गेली. उरली फक्त एक शर्यत, १० हजार मीटर. चार वर्षे संपूर्ण देश तिची वाट पाहत होता.

त्या शर्यतीत लेन बरोबर होत्या. इशारे बरोबर होते. क्रामरने १२ मिनिटे ४९.०२ सेकंदांची वेळ दिली, म्हणजे व्हँकुव्हरपेक्षा पाच सेकंदांहून अधिक वेगवान. तरीही तो हरला. त्याच्याच देशाच्या, त्याच्याच फ्रीजलँडच्या योरित बर्ग्स्माने १२ मिनिटे ४४.४५ सेकंदांत शर्यत जिंकली. बर्ग्स्मा मॅरेथॉन स्केटिंगमधून आलेला, लांब अंतराचा पक्का गडी. या पराभवाला सांगण्यासारखे कारण नव्हते. दुसरा त्या दिवशी अधिक चांगला होता, बस्स.

केमकर्स त्यानंतर स्केटिंग सोडून एफसी ग्रोनिंगन या फुटबॉल क्लबकडे गेले. क्रामर याक ओरी या नव्या प्रशिक्षकाकडे गेला. २०१६ आणि २०१७मध्ये त्याने १० हजार मीटरचे जागतिक विजेतेपद पुन्हा मिळवले. या अंतराची त्याची एकूण जागतिक विजेतेपदे पाच. २०१८च्या पिआँगचँग ऑलिम्पिकमध्ये त्याने ५ हजार मीटरचे सुवर्ण सलग तिसऱ्यांदा जिंकले. एकाच शर्यतीचे सुवर्ण सलग तीन ऑलिम्पिकमध्ये जिंकणारा तो पहिला पुरुष स्पीड स्केटर. पण १० हजार मीटरमध्ये तो सहावा आला. जिंकला टेड-यान ब्लूमन. हा जन्माने डच. नेदरलँड्समधल्या चुरशीत वाव मिळेना म्हणून कॅनडाकडून खेळू लागलेला. क्रामरचे १० हजार आणि ५ हजार मीटरचे विश्वविक्रम अनुक्रमे आठ आणि दहा वर्षे टिकले होते. ते दोन्ही मोडणाराही हाच ब्लूमन.

‘व्हँकुव्हरमध्ये चूक झाली म्हणून हुकले’ हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे आहे. २०१०चे सुवर्ण एका इशाऱ्याने गेले. २०१४ आणि २०१८चे गेले, कारण आठ वर्षांत प्रतिस्पर्धी बदलले आणि प्रत्येक वेळी कोणीतरी अधिक वेगवान निघाला. पाच वेळा जगज्जेता होणाऱ्याला चार वर्षांतून एकदाच येणाऱ्या दिवशी तीनदा अपयश यावे, यात दैव किती आणि तयारी किती, याचा हिशेब कोणत्याही पाटीवर लिहिता येत नाही.

इरीन व्ह्यूस्टशी तुलना का होते?

कारण ती टाळताच येत नाही. व्ह्यूस्टचा जन्मही एप्रिल १९८६चा, क्रामरच्या तीन आठवडे आधीचा. दोघांचे पहिले ऑलिम्पिक एकच, २००६. शेवटचे एकच, २०२२. निवृत्तीही एकाच ठिकाणी, थियाल्फमध्ये. तिच्याकडे १३ ऑलिम्पिक पदके, त्यातली सहा सुवर्ण. पाच वेगवेगळ्या ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती उन्हाळी आणि हिवाळी दोन्ही मिळून पहिली खेळाडू. क्रामरकडे नऊ पदके, चार सुवर्ण, दोन रौप्य, तीन कांस्य.

ऑलराउंडचा तक्ता काढला की चित्र उलटते. व्ह्यूस्टची सात जागतिक विजेतेपदे, क्रामरची नऊ. तिला मोठ्या दिवशी उंची गाठण्याचे कसब होते, त्याला प्रत्येक आठवड्याअखेरीस पातळी न सोडण्याचे. दुसऱ्या प्रकारचे कसब टीव्हीवर कमी दिसते. दर शनिवार-रविवारी जिंकणारा माणूस बातमी राहत नाही. तो हरला की बातमी होते. नेदरलँड्सबाहेरच्या वृत्तपत्रांनी क्रामरबाबत बहुतेक वेळा हेच केले, आणि मराठी वृत्तपत्रेही त्याला अपवाद नाहीत.

अखेरचे ऑलिम्पिक कसे गेले?

पाठीच्या दुखण्याने बेजार झालेला ३५ वर्षांचा क्रामर बीजिंग २०२२ला पोहोचला, हेच विशेष होते. ज्या ५ हजार मीटरचा तो तीनदा विजेता होता, त्यात तो नववा आला. सांघिक पाठलागात नेदरलँड्स चौथे राहिले. पाच ऑलिम्पिकमध्ये हे पहिलेच, ज्यातून तो रिकाम्या हाताने परतला.

५ हजार आणि १० हजार मीटरची दोन्ही सुवर्णपदके स्वीडनच्या नील्स व्हॅन डर पूलने नेली. त्याने आपल्या सरावाचा सगळा तपशील नंतर सर्वांसाठी इंटरनेटवर खुला करून टाकला. दिवसेंदिवस सायकलवर काढलेले तास, आठवड्याचे सुट्टीचे दिवस, सगळे. १० हजार मीटरमध्ये त्याने १२ मिनिटे ३०.७४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. व्हँकुव्हरमध्ये क्रामरने अंतिम रेषा ओलांडली त्यापेक्षा जवळपास २४ सेकंद कमी. क्रामर त्या शर्यतीत नव्हता. त्या अंतरासाठी नेदरलँड्सच्या संघात त्याची जागा आता दुसऱ्यांकडे गेली होती.